पात्रता आणि प्रवेश : वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा जमाखर्च

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



नीट परीक्षेचा निकाल लागतो, त्या दिवशी अनेक घरांत एकच दृश्य दिसते. संगणकाच्या पडद्यावर ‘पात्र’ असा शेरा उमटतो. वडील पेढे आणावयास निघतात, आजी देवापुढे साखर ठेवते आणि नातेवाइकांचे दूरध्वनी सुरू होतात. ‘मुलगी क्वालिफाय झाली’ ही वार्ता सायंकाळपर्यंत सर्व आप्तेष्टांत पोहोचते. पुढे प्रवेशाची पहिली यादी लागते. तीत मुलीचे नाव नसते. दुसऱ्या यादीतही नसते, तिसऱ्यातही नसते. ज्यांना पेढे दिले त्यांना आता काय सांगावे, या विवंचनेत घर गप्प होते आणि मुलगी खोलीबाहेर येईनाशी होते. वस्तुतः तिने कोणाची फसवणूक केलेली नसते. पात्रता आणि प्रवेश या दोन शब्दांमधील अंतर घरात कोणी मोजलेलेच नसते. ते अंतर मोजणे, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

देशभरासाठी एकच वैद्यकीय प्रवेशपरीक्षा असावी या हेतूने नीट प्रथम २०१३ मध्ये झाली. त्याच वर्षी ती न्यायालयात रद्द ठरली, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा सुरू झाली आणि २०२० पासून एम्स व जिपमर या संस्थांचे प्रवेशही तिच्याच आधारे होऊ लागले. २०१९ पासून राष्ट्रीय परीक्षा संस्था म्हणजे एनटीए ही परीक्षा घेत आली आहे. एकूण गुण ७२०. त्यांपैकी भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांना प्रत्येकी १८०, तर जीवशास्त्राला ३६०, म्हणजे नेमके निम्मे.

खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यास पात्र ठरण्यासाठी ५० वे पर्सेंटाइल लागते, तर राखीव प्रवर्गांस ४० वे. येथेच पहिला गैरसमज होतो. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणे, एवढाच त्याचा अर्थ. २०२३ मध्ये ही रेषा १३७ गुणांवर होती, २०२४ मध्ये सुधारित निकालानुसार १६२ वर आणि २०२५ मध्ये १४४ वर. ७२० पैकी १४४ म्हणजे केवळ २० टक्के. त्या वर्षी सुमारे २२ लाख विद्यार्थी परीक्षेस बसले आणि १२ लाख ३६ हजारांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात सुमारे सव्वा लाख होत्या. म्हणजे एका जागेसाठी दहा पात्र विद्यार्थी दारात उभे होते. त्या जागांतही सरकारी महाविद्यालयांचा वाटा निम्म्याच्या आसपास. उरलेल्या खासगी जागांचे शुल्क सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील नसते. पात्रता म्हणजे रांगेत उभे राहण्याची परवानगी. जागा मिळेल की नाही, हे रांगेतील स्थानावरून ठरते.

दुसरा गैरसमज गुणांविषयीचा आहे. ‘गेल्या वर्षी अमुक गुणांवर प्रवेश मिळाला होता, यंदा तेवढेच मिळाले’ असा हिशेब घरोघरी मांडला जातो. २०२४ च्या अंतिम निकालात ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे १७ विद्यार्थी होते, तर २०२५ मध्ये संपूर्ण देशातील सर्वोच्च गुण ६८६ होते. प्रश्नपत्रिका सोपी असली की तेच गुण खालच्या क्रमांकावर नेतात आणि ती कठीण असली की वरच्या. कापड खरेदी करणारे जाणते गिऱ्हाईक मीटरच्या भावाआधी पन्हा विचारते, कारण पन्हा अपुरा असेल तर तेवढ्याच मीटरमध्ये अंगरखा बेतत नाही. प्रवेशाच्या व्यवहारात गुण हे मीटर आहेत आणि गुणानुक्रम हा पन्हा. तुलना करावयाची ती गुणानुक्रमाची. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या प्रवर्गात, कोणत्या फेरीत शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, याच्या याद्या शासकीय यंत्रणा प्रसिद्ध करतात. क्लासच्या जाहिरातीऐवजी त्या याद्या पाहाव्यात.

शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून व ८५ टक्के राज्याच्या कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रातील राज्य कोट्याचे प्रवेश सीईटी कक्ष करतो. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असा ७०-३० चा प्रादेशिक निकष २०२० मध्ये रद्द झाल्यापासून संपूर्ण राज्याची एकच स्पर्धा झाली आहे. या कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांतून उत्तीर्ण होणे, काही अपवाद वगळता, आवश्यक असते. अनेक पालक चांगल्या हेतूने मुलास राजस्थानातील कोट्यास पाठवितात आणि बारावीचे नावही तेथेच कोठेतरी घालतात. दोन वर्षांनी कळते की, ८५ टक्क्यांचे दार आपल्याच हाताने बंद झाले. गुण आहेत, परंतु कागद नाही. अधिवास, राष्ट्रीयत्व, जातवैधता, नॉन-क्रिमी लेअर ही प्रमाणपत्रे अकरावीतच मार्गी लावावीत. निकालानंतर तहसील कार्यालयात धावपळ करून हातची जागा गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

आता तयारीविषयी. २०२५ मध्ये १८० प्रश्नांसाठी १८० मिनिटे होती. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरास एक वजा होतो. एखाद्या विद्यार्थ्याने १५० उत्तरे बरोबर लिहिली व ३० प्रश्न सोडले, तर त्याचे गुण ६०० होतात. तेच ३० प्रश्न चुकले, तर ५७० उरतात. येणारा प्रश्न घाईत चुकला तर तोटा एकाचा नसून पाचाचा असतो, कारण मिळणारे चार जातात आणि हातचा एकही जातो. म्हणून ‘किती प्रश्न सोडविले’ यापेक्षा ‘किती चुकले आणि का चुकले’ याची वही ठेवणे अधिक उपयुक्त. त्या वहीत तीन रकाने असावेत : विषय समजलाच नव्हता, समजला होता पण आठवला नाही, आठवला होता पण घाईत चुकला. पहिल्यावर उपाय शिक्षकाचा, दुसऱ्यावर उजळणीचा आणि तिसऱ्यावर घड्याळ लावून दिलेल्या सराव परीक्षेचा. तिन्ही रोगांवर ‘आणखी एक क्लास’ हे एकच औषध देणे, हा शुद्ध अपव्यय होय.

जीवशास्त्राचे प्रश्न बहुतांशी एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतील वाक्यांभोवती फिरतात. दहा जाडजूड ग्रंथ एकेकदा चाळण्यापेक्षा तीच पुस्तके अनेकदा बारकाईने वाचणे हिताचे. बारावीकडेही दुर्लक्ष नको. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गास किमान ५० टक्के गुण असल्याशिवाय नीटमधील उत्तम क्रमांकही निरुपयोगी ठरतो.

क्लासचे शुल्क भरतानाही व्यवहारदृष्टी हवी. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सोळा वर्षांखालील विद्यार्थ्यास प्रवेश देऊ नये, यशाची हमी देऊ नये आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाचे शुल्क परत करावे, असे म्हटले आहे. दोन वर्षांचे शुल्क एकरकमी भरण्यापूर्वी परताव्याची अट लेखी मागणारा पालक संशयखोर नव्हे, सावध असतो.

सर्वांत नाजूक प्रश्न दुसऱ्या प्रयत्नाचा. नीट कितीही वेळा देता येते आणि २०२२ मध्ये कमाल वयाची अटही काढण्यात आली. दार उघडे राहिले हे खरे, परंतु कोठे थांबावयाचे हे ठरविण्याची जबाबदारी त्यामुळे घरावर आली. व्यापारात माल भरण्यापूर्वीच तोट्याची मर्यादा ठरवितात. तोटा होऊ लागल्यावर ठरवू म्हणणारा बहुधा ठरवीतच नाही. येथेही पहिल्या परीक्षेपूर्वीच, मन शांत असताना, मुलाला समोर बसवून ठरवावे : प्रयत्न किती, खर्च किती आणि त्यानंतरची वाट कोणती. ज्याचा क्रमांक काठावर हुकला आणि चुकांच्या वहीत तिसरा रकाना मोठा आहे, त्याला आणखी एक वर्ष देणे शहाणपणाचे ठरू शकते. ज्याचा पहिला रकानाच भरलेला आहे व ज्याचे मन या विषयात रमत नाही, त्याचे ते वर्ष केवळ वडिलांच्या शब्दाखातर खर्ची पडते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी यांचे प्रवेश नीटवरच होतात. औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्याची सीईटी आहे. या वाटा पराभवाच्या नव्हेत. मात्र त्यांची नावे निकालानंतर सांत्वन म्हणून घेतली, तर मुलाला त्या पराभवाच्याच वाटतात. ती आधी, आदराने घेतलेली असावीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये कोटा शहराच्या प्रशासनाने वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसविण्याचा आदेश दिला. भार पडताच पंखा खाली यावा, अशी ती योजना. पंख्याला स्प्रिंग बसविण्याची पाळी शहरावर येते, तेव्हा त्याआधी अनेक घरांतील बोलणे थांबलेले असते. रात्रीच्या दूरध्वनीत ‘आजच्या टेस्टमध्ये किती पडले?’ हा प्रश्न पहिला नसावा. ‘जेवलास का रे, बाळा?’ हा असावा. मूल न बोलता कुढू लागले, झोप व भूक उडाली, तर विलंब न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा. १४४१६ ही ‘टेली-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवाही त्यासाठीच आहे.

सारांश, १४४ आणि ६८६ यांच्या मधल्या प्रदेशात लाखो मुले उभी आहेत. त्यांतील बहुतेकांना एमबीबीएसची जागा मिळणार नाही, हे गणित कोणत्याही परिश्रमाने बदलत नाही, कारण जागाच तेवढ्या नाहीत. बदलता येते ते एवढेच की, आपले मूल त्या गणिताला अज्ञानाने सामोरे जाऊ नये आणि उत्तर काहीही आले तरी त्याचे घरातील स्थान तसूभरही खाली येऊ नये. हा विश्वास ज्या मुलाजवळ असतो, त्याचा परीक्षागृहातील हातही कमी थरथरतो. पेढे अवश्य वाटावेत. मात्र मुलाने दोन वर्षे प्रामाणिकपणे अभ्यास केला, यासाठी ते परीक्षा संपल्याच्या सायंकाळीच वाटावेत. निकालाची वाट पाहू नये.