पुलाची नाडीपरीक्षा

आगगाडी पुलावर आली म्हणजे डब्यांतील प्रवासी खालच्या पाण्याकडे पाहतो. परंतु ज्या लोखंडाच्या भरंवशावर तो निर्धास्त बसलेला असतो, त्याच्या पोटांत काय आहे हें त्यास दिसत नाहीं. तें पाहावें कसें? तुकडा कापून पाहावा, तर पूलच दुबळा होतो. म्हणून पुलास इजा न करतां त्याची परीक्षा घेण्याचें शास्त्र निर्माण झालें.

त्याची गरज स्कॉटलंडमधील टे नदीवरील पुलाच्या हकीकतीवरून ध्यानांत येते. हा पूल १८७८ सालीं वाहतुकीस खुला झाला. २८ डिसेंबर १८७९ च्या सायंकाळीं, तुफानी वाऱ्यांत, त्याचे मधले उंच गाळे कोसळले आणि वरून जाणारी गाडी सर्व प्रवाशांसह नदींत गेली. वाऱ्याच्या दाबाचा पुरेसा हिशेब धरलेला नव्हता, हें तर खरेंच. पण चौकशींत आणखीहि कांहीं उघड झालें. ओतीव लोखंडाच्या खांबांतील पोकळ्या मेण, राळ, लोखंडाचा कीस व काजळी यांच्या लुकणानें बुजविलेल्या होत्या. पाहणाऱ्यास खांब धडधाकटच दिसत! शिवाय, खांबांमधील तिरप्या पट्ट्या खडखडतात, हें पुलाच्या निरीक्षकानें अपघाताच्या वर्षभर आधीं ऐकलें होतें. लोखंडी कामाचा अनुभव नसलेल्या त्या गृहस्थानें फटींत लोखंडाचे तुकडे ठोकून आवाज थांबविला. मुख्य अभियंत्यास मात्र कळविलें नाहीं.

मडकें घेतांना गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. रिव्हेट सैल कीं घट्ट, हेंहि हातोडीच्या आवाजावरून तसेंच ओळखतात. याच्या पुढची पायरी म्हणजे कानास न ऐकूं येणारा ध्वनि. पोलादांतून तो सेकंदास सुमारें ५,९०० मीटर वेगानें जातो. वाटेंत भेग आडवी आली कीं प्रतिध्वनि परततो, आणि लागलेल्या वेळावरून तिची खोली कळते. पृष्ठभागावरील केसासारखी भेग शोधण्यासाठीं पोलादास चुंबकत्व देऊन लोखंडाची पूड टाकतात. ती भेगेवर रेघेसारखी गोळा होते.

तथापि प्रत्येक परीक्षेस मर्यादा आहे. भेग ध्वनीच्या मार्गास समांतर असली, तर ती निसटून जाते. जुन्या ओतीव लोखंडाच्या जाड रव्यांत ध्वनि विखुरतो. म्हणून एकीची साक्ष दुसरीनें पडताळावी लागते. दोष सांपडल्यावर गाडीचा वेग उतरविणें, भार कमी करणें किंवा तुळई बदलणें, हा उपचारहि वेळींच व्हावा लागतो. टे नदीवर १८८७ सालीं उघडलेला दुसरा पूल आजहि गाड्या वाहून नेत आहे. पडलेल्या पुलाच्या खांबांचे बुंधे त्याच्या शेजारींच पाण्यांतून वर आलेले दिसतात.