तळमजल्यावरचे शौचालय

तळमजल्यावर शौचालय असले,
की रात्री जिना चढावा लागत नाही.
पावसात अंगण ओलांडावे लागत नाही.

श्रोतेहो, याचा सर्वांत मोठा आधार म्हाताऱ्या माणसांना असतो.
गुडघे दुखणारी आजी, गरोदर लेक, आजारातून उठलेला माणूस,
यांना कुणाला हाक मारावी लागत नाही.
म्हणून आत कमोड आणि भिंतीला धरायला दांडा हवाच.
दार बाहेर उघडणारे असावे.
कुणी आत पडले, तरी दार अडत नाही.

आता अडचणी.
जागा जाते.
स्वयंपाकघर शेजारी असेल, तर वास जाणवतो.
त्यासाठी बाहेरच्या भिंतीला खिडकी हवी,
आणि शौचालयाच्या भांड्याखालच्या वाकड्या नळीत पाणी साचून राहायला हवे.
ते पाणीच वास अडवते.

खरी अडचण जमिनीखाली आहे.
जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्यासारख्या गावांच्या परिसरात काळी माती आढळते.
ही माती पावसात फुगते.
पाणी हळूहळू शोषते.
शौचालयाचे पाणी जिरवणारा शोषखड्डा तुंबला, की घाण पाणी उलटे येते,
आणि ते आधी तळमजल्यावरच दिसते.
म्हणून शौचालयाचे जोते उंच ठेवावे.
नळीला खड्ड्याकडे पुरेसा उतार द्यावा.

खड्डे दोन असावेत.
एक भरला, की दुसरा सुरू करावा.
भरलेला खड्डा वर्षभराहून अधिक काळ बंद ठेवला,
की आतल्या मैल्याचे खत होते.
विहीर आणि बोअर मात्र खड्ड्यापासून लांब हवेत.
तळमजल्यावर शौचालय जरूर असावे,
पण खड्ड्याची जागा आधी ठरवावी.