बैल गेला नि झोपा केला



बैल गेला नि झोपा केला, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. गोठा उघडा होता तोवर दाराची आठवण कुणाला झाली नाही. बैल चोरीस गेल्यावर मात्र सुताराला बोलावणे गेले. अलीकडे ही म्हण मला एका दुकानात आठवली.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. पेरणीला माल उधार न्यायचा, सुगीला पैसे द्यायचे, असा तिथला रिवाज. उधारीची वही जाऊन तिच्या जागी संगणक आला. एके दिवशी ई-मेलने 'बिल' म्हणून आलेली फाईल त्यांनी उघडली. दुसऱ्या दिवशी पाहतात तो सगळी खाती कुलूपबंद! पडद्यावर मजकूर एवढाच : पैसे भरा, म्हणजे किल्ली मिळेल. अशा खंडणीखोर प्रोग्रामला रॅन्समवेअर म्हणतात. खात्यांची नक्कल कुठेच नव्हती. पुष्कळ शेतकरी आपण होऊन आकडा सांगून गेले. पण जे आले नाहीत, त्यांच्याकडे मागायचे तरी किती?

"अहो सर, एवढा खर्च झेपत नाही, म्हणून राहिलं," ते म्हणाले. आम्ही वर्षाच्या पावत्या मांडून बसलो. एकाच संगणकासाठी दोन अँटिव्हायरसची वर्गणी, आणि कधी न उघडलेल्या एका प्रोग्रामचे भाडे! म्हणजे पैसा जातच होता; फक्त दारासाठी जात नव्हता.

हे केवळ लहानांचेच होते असे नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच प्रोग्रामने जगभरचे लाखो संगणक अडवले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांतली कामेसुद्धा खोळंबली. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच फुकट दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवली नाही, त्यांतले पुष्कळ जण सापडले.

तेव्हा दुकानदार मंडळींनी चार गोष्टी कराव्यात. पहिली, दर आठवड्याला हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी नि डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. मधूनमधून ती उघडूनही पाहावी. दुसरी, अपडेट आले की टाळू नये. विंडोज १० ची नेहमीची फुकट दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. जुना संगणक असेल तर जाणकाराला विचारावे. तिसरी, प्रत्येक वर्गणीची रक्कम नि तारीख वहीत लिहावी, आणि जी वापरात नाही ती बंद करावी. विंडोजमध्ये विषाणू-रक्षक मुळातच असतो. दुसरा विकत घेण्याआधी आपल्याला तो खरोखर हवा का, हे पाहावे. चौथी, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. "पैसे पाठवतो, पिन टाका," असे कुणी म्हणाला की तो भामटा समजावा. फसलातच, तर लाजू नका. तत्काळ १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

आणि गुरुजन हो, आपल्या वर्गात दुकानदारांची मुले असतील. त्यांना एवढाच गृहपाठ द्या : "आपल्या हिशेबाची नक्कल कुठे आहे?" असे आज घरी विचारून या. उत्तर मिळाले नाही, तर झोपा बसवायची वेळ झाली आहे. बैल अजून गोठ्यातच आहे!