पितळी वाद्ये आणि पाहुण्यांचा मान
(सहायक मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील आदिवासी ख्रिस्ती गावांच्या ब्रास बँडविषयी आज मी बोलणार आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेस त्सिमशियन आणि निस्गा हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सॅमन माशांवर जगत आले. 1862 मध्ये विल्यम डंकन या अँग्लिकन मिशनरीने त्सिमशियन लोकांसह मेटलाकाटला हे गाव वसवले. तिथे राहायचे, तर जुने विधी, चेहरे रंगवणे आणि पॉटलॅच सोडण्याचे वचन द्यावे लागे.

पॉटलॅच ही नुसती मेजवानी नव्हती. पूर्वजाचे नाव वारसाला देणे, मृताचे स्मरण, सरदाराचा मान हे सारे तिथे पाहुण्यांच्या साक्षीने होई आणि त्या साक्षीबद्दल पाहुण्यांना भेटी मिळत. गाणीही त्या त्या घराण्याच्या मालकीची असत. 1885 पासून सरकारने पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली. ती 1951 पर्यंत राहिली. बंदीची मागणी करणाऱ्यांत मिशनरीही होते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

जुन्या ढोलांच्या जागी मिशनऱ्यांनी कॉर्नेट आणि ट्रॉम्बोन दिले. बँडने शिस्त येईल, जुने विसरले जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. लोकांनी मात्र बँड आपलासा केला. पाहुण्यांच्या होड्या किनाऱ्याला लागल्या, की बँड स्वागताला उभा राही. लग्नात, नाताळात, अंत्ययात्रेत तोच वाजे. त्सिमशियन बँडमास्टर जॉब नेल्सन यांनी तर स्वतः मार्च रचले. 1887 मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांशी मतभेद झाल्यावर सुमारे 800 लोक डंकनबरोबर अलास्कात गेले, तेव्हा बँडची परंपराही तिकडे गेली. निस्गा गावांत ती आजही चालू आहे.

पाहुण्याचा मान आणि मृताला सन्मानाने निरोप या गोष्टी अशा रीतीने बँडमधून टिकल्या. पण घराण्यांची कित्येक गाणी बंदीच्या त्या 66 वर्षांत हरवली. बँडचे कौतुक करताना ही हानी झाकू नये.

आपणही आदिवासी पाड्यांवर सेवा करतो. पुढच्या खेपेस उपासनेसाठी पेटी-ढोलकी पाठवण्याआधी तिथल्या वडीलधाऱ्यांना विचारू या: तुमच्याकडे काय वाजते, केव्हा वाजते, आणि ते वाजवण्याचा मान कोणाचा? त्यांचे उत्तर ऐकूनच काय पाठवायचे ते ठरवू या.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.