परदेशप्रवास आणि पदरचे पैसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी जाणे आपल्या पिंपरी-चिंचवडला आता नवे राहिले नाही. चाकणच्या जर्मन कारखान्यांमुळे कुणाचा मुलगा, कुणाचे जावई तिकडे जातात आणि मागाहून बाळंतपणासाठी आपली पाळी येते. गेल्या वर्षी मीही लेकीकडे जर्मनीला गेले. तेव्हा झालेली चूक सांगायलाच आज उभी आहे.

लेकीच्या घरी हात पसरायचा नाही, म्हणून भिशीचे पैसे मी युरोत बदलून घेतले. पण चोरीच्या भीतीने सगळे पाकीट मोठ्या बॅगेत, साड्यांच्या घडीत ठेवले. फ्रँकफुर्टला उतरले, तर बॅग आलीच नाही! पर्समध्ये नुसते रुपये. घशाला कोरड पडली, पण पाण्याची बाटली घेता येईना. बॅग तिसऱ्या दिवशी आली, पैसे शाबूत होते. पण तोवर दूधभाजीलाही जावयांपुढे हात करावा लागला. ते काही बोलले नाहीत. मलाच मेल्याहून मेल्यासारखे झाले.

म्हणून सांगते, पैसे कधीही एका जागी ठेवू नका. थोडे पर्समध्ये, थोडे अंगावर, बाकीचे बँकेच्या प्रवासी कार्डावर. सुट्ट्या लहान नोटा मागून घ्या.

आता नियम. १९९१ साली देशाची परकीय गंगाजळी इतकी आटली होती, की सोने परदेशी गहाण ठेवावे लागले. १ जून २००० पासून नवा कायदा लागू झाला आणि हे व्यवहार पुष्कळ सोपे झाले. तरी चलन बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे. ओळखीचा माणूस रुपया-दोन रुपये स्वस्त देतो म्हणून बिनपावतीच्या नोटा घेऊ नयेत. ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम असेल, तर ती रोख न देता बँकेमार्फत द्यावी लागते. बहुतेक देशांसाठी एका फेरीला ३,००० डॉलरच्या किमतीपर्यंतच रोख नोटा मिळतात, बाकीचे कार्डावर. आपले रुपये २५,००० पर्यंत जवळ ठेवता येतात. परतल्यावर रिक्षाला लागतातच. उरलेले चलन १८० दिवसांत परत द्यावे. मात्र २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवायला हरकत नाही. पावती जपून ठेवावी.

आपल्या आज्या यात्रेला निघताना पैसे कनवटीला लावीत. विमानातही ती रीत सोडू नये. मी आता आतून बांधायचा कापडी कसा शिवला आहे. कुणाला हवा असेल तर नमुना घेऊन जावा.