दोरीचा ताण आणि अभियांत्रिकीचा अभ्यास

आषाढ लागला कीं आमच्या पालघर-बोईसरकडील पुष्कळ घरांत एकच विचार सुरू होतो : मुलास अभियांत्रिकीस घालावें काय, आणि पुढें नोकरी लागेल काय? मी स्वतः मॅट्रिकपुढें शिकलों नाहीं. तरी सारें आयुष्य शिक्षकीत गेल्यामुळें हा प्रश्न माझ्या ओटीवर दरसाल येतो.

यंत्र वा स्थापत्य शाखेच्या विद्यार्थ्यास आरंभींच गांठणारा विषय म्हणजे यामिकी. माझा एक विद्यार्थी, मच्छीमाराचा मुलगा, त्यांत दोनदां नापास झाला. शाळेंत त्याला गणितांत उत्तम गुण मिळत. पण सूत्रें पाठ करण्याची सवय त्याला मींच लाविली होती, आणि यामिकींत नुसत्या पाठांतरानें भागत नाहीं. 'शिक्षण सोडून होडीवर जातों,' असें तो म्हणूं लागला. वडील त्याला माझ्याकडे घेऊन आले. "गुरुजी, आतां तुम्हींच सांगा," एवढेंच ते बोलले.

मी त्या दोघांस सातपाटीच्या किनाऱ्यावर, बोंबील वाळत घालतात तेथें घेऊन गेलों. मुलास विचारलें, "२० हात अंतरावरील दोन बांबूंना दोरी बांधली, मध्यभागीं १० किलोंचें ओझें टांगलें आणि दोरी तेथें एक हात खालीं आली, तर तिच्यांत ताण किती?" त्यानें वाळूंत दोरीचा मधला बिंदु तेवढा सुटा काढला, ओझ्याचा एक आणि दोरीच्या दोन बाजूंचे दोन, असे तीन बाण दाखविले. उत्तर आलें सुमारें ५० किलो. दोरी अर्धाच हात खालीं येईल इतकी ताठ बांधली, तर १०० किलो! वडील हंसले. "ताठ दोरी आधीं तुटते, हें आम्हांला ठाऊकच आहे, गुरुजी." वस्तु भोवतालांतून सुटी करावी, तिच्यावरील बलें दाखवावींत आणि त्यांचा समतोल मांडावा, या विषयाचा पाया तो एवढाच. मीं तो शाळेंतच घालावयास हवा होता.

तारापूरच्या अणुवीज केंद्रांतील पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ सालीं चालूं झाल्या. ५४० मेगावॅटच्या पुढील दोन २००५ व २००६ सालीं. अशा केंद्रांतील नळ तापले कीं लांबतात. ते कोठें जखडावे आणि कोठें सरकूं द्यावे, हें यामिकीच ठरविते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहानमोठे धक्के बसूं लागले; तेव्हां घरांच्या भिंतींचा विचारही याच शास्त्राकडे येतो.

नोकरीविषयीं मात्र स्पष्ट बोलावें. तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक व कापडाचे कारखाने बरेच. तेथें यंत्र अभियंत्याच्या वांट्यास पंप, बॉयलर यांची देखभाल आणि रात्रपाळी येते. पूल, धरणें, यंत्रांची संकल्पना हीं क्षेत्रें निराळीं. पदवीनंतर 'गेट' परीक्षेंत चांगले गुण मिळाल्यास भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, १९५७ सालीं निघालेल्या प्रशिक्षण शाळेचीही वाट आहे. पैशांची ओढ असेल त्यानें दहावीनंतर पदविका घ्यावी. तीवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळूं शकतो. आणि कॉलेजाची इमारत पाहूं नये. यामिकी कोण शिकवितो, तें आधीं विचारावें.

तो मुलगा तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाला. हल्लीं तो एका कचेरींत नळांच्या आधारांचे नकाशे करितो, आणि सुटींत आला कीं वडिलांबरोबर दोऱ्या बांधावयास जातो.