चौरंग शोधायला रविवारीत
(मंडळाच्या गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी कोणी आरोग्यावर बोलतं, कोणी गुंतवणुकीवर. कार्यवाहांनी आम्हां दोघांना विचारलं तेव्हा आम्ही म्हटलं, आम्हांला एका चौरंगाबद्दल तेवढं सांगता येईल. ते म्हणाले, चालेल, पण आरतीच्या आत संपवा.

आपल्यातली बरीच घरं खानदेशातली. भुसावळ-सुरत गाडीने आपले वडील इकडे आले. कोणी उधन्याला लूमवर लागलं, कोणी इथे पलसाण्याला मिलमध्ये. येताना सामान ते किती? एक पत्र्याची पेटी, चार पितळी भांडी. आमच्या घरी त्यात एक सागवानी चौरंगही होता. भाड्याच्या खोलीत टेबल नव्हतं तेव्हाही बाप्पा त्या चौरंगावर बसत.

चार वर्षांपूर्वी आम्ही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो. नवीन कपाटं, नवीन ओटा. जुना लोखंडी पलंग, फडताळ, हंडा-कळशी सगळं भंगारवाल्याला दिलं. पितळ किलोवर गेलं, लाकूड नगावर. चौरंगाचा एक पाय डुगडुगत होता, म्हणून तोही त्या ढिगात गेला. आईंना कोणी विचारलं नाही. त्या तेव्हा गावी होत्या.

श्रावण संपत आला तशी आईंनी विचारलं, “चौरंग काढला का रे माळ्यावरून?” नव्या घराला माळाच नव्हता. आम्ही सांगून टाकलं, “पॉलिशला दिलाय.” साठी जवळ आलेल्या माणसांनी आईशी खोटं बोलायचं, म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

भंगारवाल्याकडे गेलो. तो हसला. माल त्याच आठवड्यात पुढे गेला होता. मग ठरवलं, तसाच दुसरा शोधायचा. पुण्याला बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत भेंडीबाजाराजवळ मटण स्ट्रीटला चोरबाजार आहे. पण आपल्याला सोयीचं अहमदाबाद. भाचा तिथेच राहतो. शनिवारी रात्री त्याच्याकडे मुक्काम केला आणि रविवारी उजाडताच बाजारात पोचलो.

हा बाजार म्हणजे गुजरी. रविवारी भरतो म्हणून लोक त्याला ‘रविवारी’च म्हणतात. गुजरी शब्द आपल्यालाही परका नाही, कोल्हापूरला सोन्याचांदीची पेठ याच नावाची. अहमदाबादचा हा बाजार अहमदशहाच्या काळात, १४१४ साली सुरू झाला असं सांगतात. १९५४ पासून तो साबरमतीकाठी एलिस पुलाखाली भरू लागला. नदीकाठाचं नवं बांधकाम निघालं तेव्हा हा बाजार हलतो की काय अशी वेळ आली. विक्रेते कोर्टापर्यंत गेले. शेवटी २०१४ साली तिथेच नदीकाठी नवी जागा तयार झाली.

काय नाही तिथे? खाटा, कपाटं, पाडलेल्या घरांचे दरवाजे, कड्या-कोयंडे, शिलाईची यंत्रं, जुनी पुस्तकं, संखेड्याचे लाखेच्या रंगाचे पाळणे. पहिला तास आम्ही नुसते फिरलो. मग एका म्हाताऱ्या विक्रेत्याने शिकवलं, तेच तुम्हांला सांगतो. लाकडी वस्तू आधी उलटी करून बघायची. वरून पॉलिश कोणीही मारतो, खालचं लाकूड खरं काय ते सांगतं. बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर आत कीड जिवंत आहे, कितीही स्वस्त असली तरी घरात आणायची नाही. खण बाहेर काढून कोपरा बघायचा. फळ्यांचे दात एकमेकांत बसवलेले असतील तर सुताराने जीव लावून काम केलंय, नुसते खिळे असतील तर भाव कमी करायचा. पितळेला लोहचुंबक लावायचं. चिकटलं तर आत लोखंड, वर मुलामा. आणि घरून निघतानाच जागेचं माप घ्यायचं, नाहीतर कपाट जिन्यातच अडकतं.

पितळेच्या ढिगात एक पातेलं हाती आलं. काठावर देवनागरीत कोरलेलं नाव, पुढे ‘यांच्या स्मरणार्थ’. नाव अर्धं झिजलेलं. कोणीतरी आपल्या माणसाच्या नावाने वाटलेलं भांडं, तेही किलोवरच. आमच्या हंड्यावरही नाव होतं. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

चौरंग मिळाला तो शेवटच्या ओट्यावर. इकडे त्याला बाजोठ म्हणतात. जुना साग, चारही पाय घट्ट, कडेला हळदीकुंकवाचे डाग. बावीसशे सांगितले, चौदाशेला ठरला.

घरी आणून आईंपुढे ठेवला. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी वरून हात फिरवला, मग खालच्या बाजूने. म्हणाल्या, “हा आपला नाही. आपल्याला खाली खाच होती, तुझ्या बाबांनी पाय बसवताना पडलेली.”

आम्ही सगळं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “मग हा कोणाचा?” आम्ही म्हटलं, माहीत नाही. त्या म्हणाल्या, “त्यांच्याकडेही देवच बसत असेल. धुऊन घ्या नि मांडा.” त्या दिवशी मात्र त्या जेवल्या नाहीत.

पुण्यात काका केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी जन्मभर जमवली आणि दिवंगत मुलाच्या, राजाच्या नावाने संग्रहालय उभं केलं. अहमदाबादला सुरेंद्र पटेल यांनी वितळायला निघालेली भांडी गोळा करून १९८१ साली विशाला येथे ‘विचार’ हे भांड्यांचं संग्रहालय उभारलं. एवढं आपल्याने होणार नाही. पण दोन गोष्टी होतील.

एक, दिवाळीच्या सफाईत काहीही बाहेर काढण्याआधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा. जागा नाही म्हणून द्यावं लागलं, तरी त्यांच्या हाताने जाऊ द्या. दुसरं, मंडळाच्या फळ्यावर एक कागद लावू : ‘द्यायचं आहे’ आणि ‘हवं आहे’. भंगारात जाण्याआधी वस्तू आपल्यातल्याच एखाद्या नव्या संसारात गेली, तर ती कुठे आहे हे तरी कळेल. पहिलं नाव आम्ही लिहितो. आम्हांला खाली खाच असलेला एक चौरंग हवा आहे. कोणाला कुठे दिसला तर कळवा.

तोवर या चौरंगाच्या खालच्या बाजूला आम्ही तैलरंगाने लिहिलंय : रविवारी, अहमदाबाद, आणि साल. पुढे कोणी उलटा करून बघितलाच, तर त्याला कळेल की तो आमच्याकडे होता.

गणपती बाप्पा मोरया!